भिशीचे पैसे ब्रेस्ट कॅन्सरच्या संशोधनाला द्यायचेत, कुठे आणि कसे द्यावेत?

अमळनेरची_ताई
नमस्कार मंडळी. आमची इथे अमळनेरला बायकांची भिशी आहे, बरीच जुनी. मागच्या वर्षी आमच्यातलीच एक मैत्रीण ब्रेस्ट कॅन्सरने गेली. गाठ तिच्या हाताला लागत होती पण दुखत नव्हती म्हणून कोणाजवळ बोलली नाही, त्यात कापूस वेचणीचे दिवस, मग लेकीचं लग्न, आणि मुंबईला नेलं तोवर काखेत पसरलेलं होतं. तर यंदा आम्ही ठरवलं की ट्रिपला जायचं नाही, ते पैसे आणि वर थोडी वर्गणी मिळून साठेक हजार झालेत ते ह्याच कामाला द्यायचे. आता आमच्यातच दोन मतं पडलीत, काहीजणी म्हणतात ऑक्टोबरात गुलाबी साड्या नेसून रॅली काढू, रिबिनी वाटू, बॅनर लावू, आणि मला नि आणखी चौघीपाचजणींना वाटतं की संशोधनाला द्यावेत म्हणजे पुढच्या बायकांना तरी उपयोग होईल. माझी मुलगी म्हणते आई तिथे कोटीत पैसा लागतो, तुमच्या साठ हजारानं काय होणार. खरंच काही होत नाही का? आणि सरकारनं ह्या आजाराच्या संशोधनावर जास्त खर्च करावा म्हणून आमच्यासारख्या बायकांना काही करता येतं का, की ते दिल्लीत बसणाऱ्यांचंच काम? कोणाला माहीत असेल तर नीट सांगा, आम्हाला लवकर ठरवायचंय.

धुळेकर_भाऊ
ताई राग मानू नका पण मी उलटं सांगतो. माझ्या मिसेसची ट्रीटमेंट मुंबईला झाली, ऑपरेशन आणि केमो फुले योजनेत बसलं, चाळीसगावहून रेल्वेत पेशंटला स्लीपरचं भाडं माफ असतं तेही मिळालं, पण तिथं राहायचं कुठं, खायचं काय, आणि मी दुकान बंद ठेवून गेलो तो खाडा कोण भरून देणार? परळला फुटपाथवर ताडपत्री टाकून राहणारी आपल्या नंदुरबारकडची माणसं मी डोळ्यांनी पाहिलीत. केमो अर्धवट सोडून घरी परत गेलेल्या बायाही पाहिल्यात, औषध होतं पण राहायला पैसा नव्हता. साठ हजारात अशा चारपाच घरांचा राहण्या-जेवणाचा खर्च निघेल. संशोधन सरकार करेल, मोठ्या कंपन्या करतील, आपण आपल्या माणसाला धरावं असं माझं मत.

ट्रायलवाली_जळगाव
मी जळगावची, सध्या मुंबईत कॅन्सरच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे उपचार पेशंटवर तपासून पाहणाऱ्या अभ्यासात, कोऑर्डिनेटर आहे म्हणून जरा लांब लिहिते. भाऊंचं सगळं खरं आहे, फक्त "मोठ्या कंपन्या करतील" हे होत नाही, आणि माझं सगळं म्हणणं तेवढंच आहे.

टाटा मेमोरियल ह्या कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉ. राजेंद्र बडवेंच्या टीमनं एक अभ्यास केला, देशातल्या 11 सेंटरमध्ये 1600 बायका होत्या. ऑपरेशनला सुरुवात करायच्या दहाएक मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं, तेच जे दात काढताना बधिर करायला देतात. अर्ध्या बायकांना दिलं, अर्ध्यांना नाही. पाच वर्षांनी पाहिलं तर ज्यांना दिलं त्यातल्या 90.1 टक्के हयात होत्या, ज्यांना नाही दिलं त्यातल्या 86.4 टक्के. म्हणजे शंभरात साधारण चार जीव, आणि इंजेक्शनचा खर्च शंभर रुपयांच्या आत. 2023 ला हे छापून आलं. आता सांगा, शंभर रुपयांच्या औषधाचा अभ्यास कुठली कंपनी करेल? पेटंट नाही, नफा नाही. असा अभ्यास फक्त सरकारी पैशावर नाहीतर लोकांच्या देणगीवरच होतो, आणि आपल्या बायकांना परवडणारं जे काही आहे ते नेमकं ह्याच प्रकारात येतं.

दुसरं उदाहरण तर थेट तुमच्या मैत्रिणीसारख्या बायकांचं आहे. 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये 35 ते 64 वयाच्या दीड लाखावर बायकांवर वीस वर्षं अभ्यास चालला. प्रश्न असा होता की मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) मशीन नसताना शिकवलेल्या आरोग्यसेविकेनं दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं तर फरक पडतो का. तर आजार लवकरच्या स्टेजला सापडायला लागला, आणि 50 च्या पुढच्या बायकांत ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू 30 टक्क्यांनी कमी झाले. त्याखालच्या वयात मृत्यूंमध्ये असा फायदा दिसला नाही, हेही सांगायला पाहिजे. शहाद्याच्या किंवा यावलच्या पीएचसीत मॅमोग्राफी कधी येईल ते येईल, पण हात तर आजच आहेत ना! आणि ह्या अभ्यासाला पैसा कोणी दिला, तर अमेरिकेच्या एनआयएच ह्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं. मुंबईच्या बायका, आपल्या उपयोगाचा प्रश्न, आणि पैसा तिकडचा, ह्याचं मला फार वाईट वाटतं, कारण देणाऱ्यानं उद्या हात आखडला तर आपले प्रश्न विचारणार कोण?

साठ हजारात ट्रायल होत नाही, हे तुमची मुलगी बरोबर बोलते. पण पेशंटना फॉलोअपला, म्हणजे उपचारानंतरच्या तपासण्यांना, यायचं भाडं, सॅम्पल साठवणं, डेटा भरणाऱ्या मुलीचा दोनतीन महिन्यांचा पगार, असल्या गोष्टी अडतात त्या अशाच रकमांवर अडतात. भाऊ, लक्षात घ्या, फॉलोअपचं भाडं म्हणजे तुम्ही म्हणताय तेच आहे, पेशंटलाच मिळतं आणि पाच वर्षांनी उत्तरही मिळतं.

चोपड्याच्या_काकू
मी स्वतः ह्यातून गेलेली आहे आणि एका ट्रायलमध्येही होते. सही करायच्या आधी घरचे घाबरले होते की तुझ्यावर प्रयोग करून राहिले, पण त्यांनी मराठीत फॉर्म दिला, समजावून सांगितलं, मधेच सोडता येईल हे सांगितलं. मी होकार दिला तो माझ्या दोन्ही सुनांचा नि नातीचा विचार करून. त्यामुळे पैसे नसले तरी बाई संशोधनाला काही देऊ शकते हे आधी डोक्यात घ्या.

आता रॅलीबद्दल. ती गुलाबी रिबीन आली कुठून हे आपल्या बायकांना सांगा म्हणजे भांडण मिटेल. अमेरिकेत शार्लट हेली नावाच्या बाई होत्या, त्यांच्या घरात हा आजार होता. त्या 1991 च्या सुमारास घरी बसून पीच रंगाच्या रिबिनी करायच्या आणि सोबत कार्ड जोडायच्या, की राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या 1.8 अब्ज डॉलरमधले फक्त 5 टक्के प्रतिबंधावर जातात, आमदार-खासदारांना जागं करा. एक मासिकवाले आणि कॉस्मेटिक कंपनी ती रिबीन मागायला आली तर हेलीबाईंनी नाही म्हटलं, मग त्या लोकांनी रंग बदलून गुलाबी केली. म्हणजे मुळात ती रिबीन पैशाचा हिशोब मागणारी होती! 1991 लाच तिथल्या बायकांनी संघटना बांधून सहा लाखांवर पत्रं सरकारला पाठवली आणि पुढच्या वर्षी लष्कराच्या बजेटमधून 21 कोटी डॉलर ब्रेस्ट कॅन्सरच्या संशोधनाला मंजूर करून घेतले. वर असंही मिळवलं की पैसे कोणत्या संशोधनाला द्यायचे ते ठरवताना शास्त्रज्ञांच्या बरोबरीनं आजारातून गेलेल्या बायका बसतील. ही पद्धत आजही चालू आहे. मला आपल्याकडे हेच पाहिजे. मला विचारा ना कोणी, कशावर संशोधन करा म्हणून! मी सांगेन हाताच्या सुजेवर करा. काखेतल्या गाठी काढल्यावर माझा उजवा हात सुजतो, कळशी उचलता येत नाही, भाकरी थापताना ठणकतो, आणि ह्याच्याबद्दल बोलायला कोणाला वेळ नसतो.

सीए_खान्देश
थोडं कागदाचं सांगतो. देणगी चेकनं किंवा ऑनलाइन द्या, कॅश नको, कारण दोन हजाराच्या वर कॅश दिली तर देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट मिळत नाही, आणि नवीन टॅक्स रिजीम घेतलेल्यांना ती सूट तशीही नाही. मुख्य म्हणजे आधी पत्र लिहून विचारा की ही रक्कम फक्त ब्रेस्टच्या संशोधनाला लावाल का आणि वर्षानं काय झालं ते कळवाल का, लेखी हो आलं तरच पाठवा. सोशल मीडियावर क्यूआर कोड टाकणाऱ्या कोणालाही देऊ नका.

दुसरं, जळगाव एमआयडीसीत पाइप, चटई, डाळवाले आहेत. वर्षाला पाच कोटी नफा असणाऱ्या कंपनीला नफ्याच्या 2 टक्के सीएसआर, म्हणजे समाजाच्या कामावरचा खर्च, कायद्यानंच करावा लागतो, आणि 2019 पासून सरकारी संशोधन संस्थांना दिलेला पैसाही त्यात धरतात. बहुतेक ठिकाणी शाळेला बेंच नाहीतर वृक्षारोपण होतं कारण दुसरं कोणी मागायलाच जात नाही. तुम्ही पंधरा बायका मिळून एका मालकाकडे गेलात तर साठ हजाराचे सहा लाख होऊ शकतात. आर्थिक वर्ष संपायच्या आधी जा, मार्चमध्ये नको, तोवर सगळं वाटून झालेलं असतं.

ट्रायलवाली_जळगाव
सीए दादांना अनुमोदन. आणि पत्र कोणाला लिहायचं तर, टाटा मेमोरियलचा सरकारी पैसा आरोग्य खात्यातून नाही अणुऊर्जा विभागातून येतो, आयसीएमआर ह्या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा आरोग्य संशोधन विभागातून, म्हणून खासदारांना लिहिताना दोन्ही खात्यांची नावं घाला नाहीतर पत्र भलत्या टेबलावर जाईल. मागणी एकच ठेवा, ब्रेस्ट कॅन्सरवर किती खर्च होतो आणि त्यातला स्वस्त, गावात करता येणाऱ्या तपासणी-उपचारावर किती, हे संसदेत विचारा. आणि आमदारांना कॅन्सर पेशंटच्या नोंदणीबद्दल (रजिस्ट्री) विचारायला लावा. बार्शीला 1987 पासून खेड्यांतल्या कॅन्सरची रजिस्ट्री आहे, देशातली पहिली ग्रामीण. 2022 च्या अंदाजात भारतात वर्षाला 1 लाख 92 हजार बायकांना हा आजार झाला आणि 98 हजार गेल्या, पण त्यात जळगाव, धुळे, नंदुरबारच्या किती आणि कोणत्या स्टेजला आल्या हे पक्कं माहीत असल्याशिवाय आपल्या भागासाठी कोणी पैसा मागू शकत नाही.

धुळेकर_भाऊ
फॉलोअपच्या भाड्याचं पटलं. हाई काम मस्त शे. मिसेसनी वाचलं, ती म्हणते सह्यांमध्ये माझं नाव पहिलं घाला.

अमळनेरची_ताई
सगळ्यांचे खूप आभार, काकू तुमचं रात्री भिशीत मोठ्यानं वाचून दाखवलं. असं ठरलंय की रॅली काढायची पण रिबिनीसोबत कार्ड द्यायचं, त्यावर खासदारांना विचारायचा तोच प्रश्न छापायचा. पैसे ट्रायलच्या पेशंटच्या फॉलोअपसाठी, आधी पत्र पाठवून लेखी घेऊन. चटईवाल्या एका मालकाची बहीण आमच्या भिशीतच आहे, तिला पुढं करतोय. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात तेव्हा घरोघरी जाऊन सह्या घ्यायच्या असंही एकीनं सुचवलं, पण तोवर थांबू नये असं मला वाटतं. पत्राचा मसुदा उद्या इथेच टाकते, ट्रायलवाली ताई, खात्यांची नावं तेवढी तपासून द्या.