मदत हवी आहे: बेंच पॉवर सप्लायचं मेम्ब्रेन कीपॅड टिकत नाही, नव्याने रचना कशी करू?

नमस्कार मंडळी,

मी टेबलावर वापरायचे छोटे पॉवर सप्लाय बनवतो. एका खेपेला पंचवीस-तीस नग, त्याहून जास्त नाही. 0 ते 30 व्होल्ट, 3 अँपिअर, आणि पुढच्या पॅनलवर 16 बटणांचं मेम्ब्रेन कीपॅड, म्हणजे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेली बटणं. आतलं सर्किट बिनतक्रार चालतं. परत येतात ते नग जवळजवळ सगळे कीपॅडपायी. गेल्या खेपेतले सहा नग दीड वर्षात परत आले आणि त्यातल्या एकाने माझी झोप उडवली. कोणी हात लावलेला नसताना त्याचं आउटपुट चालू झालं, तेही समोर बोर्ड जोडलेला असताना. व्होल्टेज कमी ठेवलेलं होतं म्हणून निभावलं. दाबूनही न लागणारं बटण मी बदलून देऊ शकतो, पण न दाबता लागणारं बटण माझ्या यंत्रावर मला नको आहे. म्हणून पुढच्या खेपेआधी सगळी रचनाच पुन्हा मांडतोय.

आत्ता काय आहे ते सांगतो. सगळ्यात वर 0.25 मिमी पॉलिकार्बोनेटचा ओव्हरले (बोट लागतं तो छापील थर), अक्षरं मागच्या बाजूने छापलेली, बटणांच्या कडा उठावाच्या. मागून छापल्यामुळे अक्षरं एकाही नगावर पुसलेली नाहीत, ते तसंच ठेवणार आहे. त्याखाली चिकट थर, स्टेनलेस स्टीलचे डोम (दाबल्यावर टिक करून बसणाऱ्या घुमटाकार चकत्या), स्पेसर (मधे अंतर राखणारा थर), आणि 0.125 मिमी पॉलिएस्टरवर चांदीच्या शाईने छापलेलं सर्किट. त्याच पॉलिएस्टरची पट्टी शेपटीसारखी बाहेर येते आणि 2.54 मिमीच्या कनेक्टरात जाते. 15 बटणं चार बाय चारच्या मॅट्रिक्सवर आहेत, म्हणजे आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीवर, जी कंट्रोलर एकेक रेष तपासत (स्कॅन करत) वाचतो. आउटपुटचं बटण मी मुद्दाम वेगळं काढलं होतं, स्वतःच्या दोन रेषांवर, म्हणजे स्कॅनिंगमध्ये काही गडबड झाली तरी त्याला धक्का लागू नये.

आणि बिघडलं नेमकं तेच.

आपोआप चालू होणाऱ्या नगाचं कीपॅड हेअर ड्रायरने जरा गरम करून एकेक थर सोलला. आउटपुटच्या दोन रेषा शेपटीच्या तोंडाशी जिथे जवळ येतात, तिथे भिंगाखाली नेच्याच्या पानासारखी काळपट नक्षी दिसली. एका रेषेतून फुटून दुसरीकडे सरकत गेलेली, टोकाला केसाहून बारीक. चांदीचं स्थलांतर. ओलावा आणि दोन रेषांमध्ये सतत उभं असलेलं डीसी व्होल्टेज एकत्र आलं की चांदीचे आयन सरकतात आणि दुसऱ्या टोकाशी पुन्हा धातू होऊन साचत जातात. मॅट्रिक्सच्या रेषांवर व्होल्टेज स्कॅनपुरतंच येतं, पण या वेगळ्या काढलेल्या रेषेवर पुलअपमधून (बटण दाबलेलं नसताना रेष वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रोध) 5 व्होल्ट चोवीस तास, आणि शेजारी ग्राउंड. ज्या बटणाची सर्वांत जास्त काळजी घ्यायची होती, त्यालाच मी सर्वांत वाईट जागी बसवलं.

मीटर लावला तर बटण न दाबता दोन रेषांमध्ये सुमारे 40 किलोओहम. माझा पुलअप 47 किलोओहमचा. म्हणजे कंट्रोलरच्या पिनवर साधारण 2.3 व्होल्ट, ना धड वर ना धड खाली. डिबाउन्स (संपर्काची क्षणिक थरथर गाळण्यासाठीचा थांबा) 20 मिलिसेकंदांचा आहे, पण इथे त्याचा काय उपयोग? पातळीच हळूहळू घसरलेली होती.

पुलअप 4.7 किलोओहम केला तर तोच नग पुन्हा नीट चालतो, पिनवर 4.4 च्या वर मिळतात. पण नक्षी वाढायची थांबत नाही, फक्त मला उशिरा कळेल. त्यामुळे ही दुरुस्ती मी धरत नाही. त्याऐवजी आउटपुटचं बटण एडीसीच्या, म्हणजे नेमकं व्होल्टेज मोजणाऱ्या, पिनवर घेऊन पाहतोय. खरा दाबलेला संपर्क 100 ओहमच्या आतबाहेर असतो, गळती काही किलोओहमची. 4.7 किलोओहमच्या पुलअपवर 0.5 व्होल्टच्या खाली गेलं तरच दाबलं असं मानायचं, आणि मधलंच काही दिसलं तर आउटपुट बंद करून पडद्यावर ‘कीपॅड तपासा’ दाखवायचं. शिवाय पुलअपला वीज तपासणीच्या क्षणापुरतीच द्यायची. ब्रेडबोर्डवर हे चाललंय. यात मला न दिसलेली खोट कोणाला दिसत असेल तर आधी ती सांगा.

उरलेले पाच नग. तिघांत आउटपुटच्या बटणाभोवती उठावाच्या कडेवर ओव्हरले चिरला आहे. एका वापरणाऱ्यांनी मोजून सांगितलं, दिवसाला तीनशेच्या आसपास दाब, म्हणजे दीड वर्षात लाखाच्या वर. पॉलिकार्बोनेट दिसायला छान आणि छपाईला सोपं, पण पुनःपुन्हा वाकवण्यात पॉलिएस्टरच्या जवळपासही येत नाही. त्यात सोल्डरिंगचा फ्लक्स पुसायचं सॉल्व्हंट त्याच हातांनी पॅनलवर लागतं, आणि ताणाखाली असलेलं पॉलिकार्बोनेट अशा द्रवांनी बारीक तडकतं. तेव्हा हार्ड कोट केलेलं पॉलिएस्टर घ्यायचं हे माझ्यापुरतं ठरलंय. उठाव ठेवावा की सपाट ठेवून फक्त रंगाची चौकट द्यावी, इथे अडलोय. सपाट जास्त टिकेल असं वाटतं. पण सप्लाय वापरणारा माणूस मीटरकडे पाहत असतो, त्याच्या बोटाला बटणाची कड लागायला हवी. आउटपुटच्या बटणाभोवती पॅनललाच कडा दिली तर? कोणी केलंय का असं?

दोन नगांत शेपटीच्या बाजूचा कोपरा उचकटला होता. पॅनलवर खरखरीत पावडर कोटिंग आहे आणि मागचा चिकट थर फक्त 0.05 मिमीचा, तो त्या खड्ड्यांत उतरतच नाही. आता 0.13 मिमीचा घेणार आणि चिकटवल्यावर 72 तास नग हलवणार नाही. हे सुटेल असं वाटतंय.

एक नमुना मी पूर्ण बंद, कडेकडेने सील केलेला मागवून पाहिला होता, ओलावा शिरू नये म्हणून. तो बोटाखाली मेल्यासारखा लागला. डोमखालच्या हवेला जायला जागा नाही, त्यामुळे बटण परत वर यायला आळस करतं. मागे हीटसिंक तापला की बटणं फुगल्यासारखी दिसतात. स्पेसरमध्ये बटणाबटणांना जोडणाऱ्या हवेच्या वाटा हव्यातच. प्रश्न असा की ती वाट शेवटी बाहेर उघडावी की आतल्या आत फिरवून बंद ठेवावी? बाहेर उघडली तर दमट हवा चांदीपर्यंत पोचते.

म्हणूनच दुसरा पर्याय मनात आहे. चांदीची शाई सोडून द्यायची, सोन्याचा मुलामा दिलेल्या पॅडच्या पीसीबीवर (छापील सर्किटच्या कडक बोर्डावर) डोम बसवायचे आणि वर फक्त पॉलिएस्टरचा ओव्हरले. तांब्यावर सोल्डर मास्क (संरक्षक लेप) असल्याने रेषांची चिंता बरीच कमी होते, डोमखाली छोटं भोक पाडलं की हवेचाही प्रश्न मिटतो, शेपटीही जाते. शेपटी गेली तर मला मनापासून आनंद होईल, कारण जोडणीच्या वेळी कोणी ती कडक दुमडली की चांदीची रेषा तडकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पण पीसीबीमुळे जाडी वाढते, पॅनलची बैठक बदलते. हाच मार्ग धरलेल्यांनी डोम किती ग्रॅमचे, म्हणजे दाबायला किती जोर लागणारे, वापरले? माझे सध्याचे 350 चे आहेत, दिवसभर दाबणाऱ्याला जड जातात.

चांदीवरच राहायचं झालं, तर रेषांवर कार्बनच्या शाईचा थर देतात हे माहीत आहे. तो तुम्ही प्रत्यक्ष दमट जागी दोन-तीन वर्षं चालवलाय का, आणि रेषांमध्ये अंतर किती ठेवलं होतं?

स्थिर विजेबद्दलही बोला. आयईसी 61000-4-2 ची चौथी पातळी, म्हणजे स्पर्शाने 8 आणि हवेतून 15 किलोव्होल्ट, गाठायची आहे. ओव्हरलेच्या मागे शील्डचा थर देऊन तो चॅसिसला स्वतंत्र टॅबने जोडायचा विचार आहे, सर्किटच्या ग्राउंडला नाही. ठिणगी कडेवरून आत घुसते म्हणून ओव्हरले सर्किटपेक्षा सगळीकडून किती मिमी बाहेर ठेवता?

दाबायची चाचणी घरीच करणार आहे. सोलेनॉइडला रबरी टोक, सेकंदाला दोन दाब, म्हणजे दहा लाखांना जवळजवळ सहा दिवस. पहिले दोन नमुने, एक पॉलिएस्टर सपाट आणि एक उठावाचा, पुढच्या आठवड्यात लावतोय. दर लाख दाबांनंतर संपर्काचा रोध मोजून आकडे इथेच लिहीन. त्याआधी नमुन्यांत काही बदलायला हवं असेल तर कृपया लवकर सांगा, ओव्हरलेची फाइल अजून छपाईला पाठवलेली नाही.