त्रिपुरारीला गोदाघाटावर ट्रायपॉडशिवाय फोटो : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पौर्णिमा नऊ दिवसांवर आलीय म्हणून घाईघाईत धागा काढतेय. जुने धागे चाळले, पण सगळीकडे 'ट्रायपॉड लावा आणि शटर निवांत उघडं ठेवा' इथेच गाडी थांबते. त्रिपुरारीच्या संध्याकाळी आमच्या नाशकातल्या रामकुंडावर जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे, तिथे स्वतःचे दोन पाय टेकायची मारामार असते. आणखी तीन पाय कुठे ठेवू?

कॅमेरा कॅनन १५०० डी. सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. शिवाय भावाने दिलेली ५० एमएम एफ १.८ आहे (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं), पण तिच्यात आयएस, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, नाही म्हणून रात्री लावायची भीती वाटते.

नेमकं काय हवंय ते सांगते. माझ्या सासूबाई दरवर्षी त्रिपुरारीला गोदेत द्रोणातून दिवा सोडतात. लग्न होऊन नाशकात आल्यापासून त्यांचं एकही वर्ष चुकलेलं नाही. आता गुडघे साथ देत नाहीत. पुढच्या वर्षी त्या पायऱ्या उतरतील की नाही, हे घरात कुणी बोलत नाही इतकंच. मला घाटाचा कॅलेंडरवाला फोटो नकोय. त्यांच्या हातात दिवा, चेहऱ्यावर त्याचाच उजेड, मागे पायऱ्यांवरच्या पणत्या. बस्स.

गेल्या वर्षीचा पराक्रम : आधी ऑटोवर काढला. फ्लॅश आपोआप वर आला, आईंचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा आणि मागे मिट्ट काळोख. मग फ्लॅश बंद करून, गुडघ्यावर कोपर टेकवून काढला. आयएसओ म्हणजे कॅमेरा कमी उजेडाला किती दाद देतो तो आकडा. कॅमेरा घेताना दुकानदाराने बजावलं होतं, 'आयएसओ ८०० च्या वर नेऊ नका, फोटो खराब होतो'. म्हणून ८००, लेन्स पूर्ण ५५ वर, एफ ५.६, शटर १/४ सेकंद. पायरीचा दगड खणखणीत आला, त्यावरचं शेवाळसुद्धा मोजून घ्या. आई म्हणजे लुगडं नेसलेला धूर.

यंदा दिवाळीत घरी सराव केला तर दोन नवीनच भानगडी निघाल्या. गॅलरीतली एलईडीची माळ १/२५० ला काढली तर एका फोटोत अर्धी विझलेली, पुढच्यात पूर्ण पेटलेली. माळ तर व्यवस्थित चालू होती! आणि आकाशकंदिलाच्या प्रत्येक फोटोत कुठेतरी एक हिरवा ठिपका येतो. लेन्स पुसून पुसून दमले.

आयएसओ खरंच किती वाढवू? ५० लावू की १८-५५? जाणकारांनी सांगावं. कृपया 'नवीन कॅमेरा घ्या' म्हणू नका, ते घरात आधीच एकाने म्हणून झालंय.

प्रतिसाद १

ताई, गेल्या वर्षीच्या फोटोतच उत्तर आहे. दगड स्पष्ट आणि माणूस धूसर, म्हणजे तुमचा हात हलला नाही, आई हलल्या. आयएस फक्त कॅमेऱ्याचं हलणं सावरतं. समोरचं माणूस श्वास घेतं, वाकतं, त्याला आयएस काय करणार? त्यासाठी शटरच वेगवान हवं, १/४ ला काही इलाज नाही.

म्हणून डोळे मिटून ५० लावा. एफ ५.६ वरून एफ १.८ वर आलात की जवळजवळ दहापट उजेड आत येतो. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे ५० ची लेन्स ८० सारखी वागते. म्हणून हातात धरून शटर १/८० पेक्षा संथ ठेवू नका. हातभर अंतरावरच्या दिव्याच्या उजेडात चेहरा असेल तर एफ १.८, १/८० आणि आयएसओ १६०० च्या आसपास जमून जातं. कमी पडलं तर ३२०० करा. दाणे दिसतील, पण दाणेदार आई चालतील, धूर झालेल्या नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा म्हणजे दाणे नंतर बरेच कमी करता येतात.

फुकटातली युक्ती : दिवा चेहऱ्यापासून दोन फुटांवर असेल तो एक फुटावर आणायला सांगा. चेहऱ्यावरचा उजेड चौपट होतो. तेही लेन्स न बदलता.

प्रतिसाद २

माळेचं सांगतो, इलेक्ट्रिकलवाला आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. स्वस्तातल्या एलईडी माळा त्या तालावर सेकंदाला ५० किंवा १०० वेळा विझून पेटतात. डोळ्याला कळत नाही, १/२५० च्या शटरला बरोबर कळतं. १/५० ठेवा, अशी माळ पूर्ण दिसेल. बऱ्याच माळा १/१०० लाही चालतात. पणतीला ही भानगड नाही. :)

प्रतिसाद ३

लेन्सवर यूव्ही फिल्टर (पुढे लावायची जादा काच) आहे का? काढा. आकाशकंदील फ्रेमच्या उजवीकडे वर असेल तर ठिपका डावीकडे खाली, बरोबर समोरासमोर येतो ना? फिल्टरच्या काचेवरून परत फिरलेला उजेड आहे तो. पुसून जाणार नाही. घाटावर शंभर पणत्या म्हणजे शंभर ठिपके!

बाकी मंडळींनी आकडे दिलेत, मी घाटाचं सांगते, आमचं घरच पंचवटीत. अंधार पडायची वाट बघू नका. या दिवसांत सहाच्या आसपास सूर्य मावळतो. सव्वासहा ते साडेसहा आकाश गर्द निळं असतं, पणत्या लागायला लागलेल्या असतात आणि गर्दीही अजून दाटलेली नसते. आठ वाजता गेलात तर मागे नुसता काळा पडदा मिळतो आणि प्रत्येक फोटोत कुणाचा तरी मोबाइल. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) ऑटोवर सोडू नका, तो दिव्याचा पिवळेपणा पुसायला बघतो. डेलाइटवर ठेवा. फारच केशरी वाटलं तर रॉमध्ये नंतर उतरवता येतं.

फोकस ज्योतीवर नको, कॅमेरा चाचपडत राहतो. मधला एकच पॉइंट निवडा आणि चष्म्याच्या काडीवर नाहीतर कुंकवाच्या कडेवर धरा. एफ १.८ ला जरा पुढेमागे झालं की नाक स्पष्ट आणि डोळे गेले.

प्रतिसाद ४

होळकर पुलावरून घाट काढायचा मोह झाला तर अर्धा किलो तांदळाची पिशवी कठड्यावर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवा. बस गेली की कठडा थरथरतो, तेवढं थांबा. बटण दाबतानाच हात हलतो, म्हणून एका दमात तीन-चार फोटो घ्या. मधला बहुतेक वेळा बरा निघतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! फिल्टर काढला, ठिपका गेला. दोन वर्षं त्या काचेला जपत होते.

काल रात्री स्वयंपाकघरातले दिवे घालवून आईंना पाटावर बसवलं. द्रोण नव्हता, वाटीत पणती ठेवली. ५० एमएम, एफ १.८, १/८०, १६००. चेहरा आला! पण ज्योत म्हणजे पांढरा फटक गोळा, आणि त्याच्याशेजारी चेहरा फिका वाटतो. शटरचा वेग वाढवला तर ज्योत सुधारते, चेहरा काळवंडतो. म्हटलं, आई, जरा तसाच धरून ठेवा ना, अजून दोन काढते. त्या म्हणाल्या, 'दिवा सोडायचा असतो गं, धरून बसायचा नसतो.'

तेवढ्यात खिडकीतून झुळूक आली आणि त्यांनी सवयीने ज्योतीला तळहाताचा आडोसा केला. माझ्या बाजूने. ज्योत हाताआड गेली, पांढरा गोळा गायब. बोटांच्या कडा लालसर उजळल्या आणि चेहऱ्यावर उजेड तसाच. तोच फोटो चांगला आलाय. घाटावर वारा असतोच, म्हणजे हात त्या आपण होऊनच धरतील, मी बरोबर बाजूला असायला हवं.

आता शेवटचं विचारते : त्या पाण्याकडे तोंड करून बसणार. समोर जायचं तर मला गोदेत उतरावं लागेल. बाजूने काढायचा तर नेमकी कुठे बसू?

प्रतिसाद ३

त्या उजव्या हाताने आडोसा करतात की डाव्या, ते आज परत बघून ठेवा. ज्या हाताने करतात त्याच बाजूला, त्यांच्याच पायरीवर, चार-पाच फूट अंतर सोडून बसा. दोघींच्या मध्ये तुमच्या यजमानांना बसवू नका. त्यांना तुमच्या पाठीशी उभं करा, मागून धक्के येतात. पट्टा गळ्यातच राहू द्या. आणि खालच्या दोन पायऱ्या निसरड्या आहेत, आईंना तिसरीवरच बसवा. द्रोण पाण्यापर्यंत न्यायला कुणीतरी मिळतंच.