फायबरला 'चोथा' म्हणावं की 'तंतुमय पदार्थ'? तक्ता छापायचाय

पाचपाखाडीकर
बालवाडीच्या पालकांसाठी आहाराचा भिंतीवर लावायचा तक्ता करतेय. कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, क्षार, पाणी इथवर अडलं नाही. फायबरला 'चोथा' लिहिलं, शाळेत आम्ही तोच शब्द शिकलो. काल खारीगावात कच्चा तक्ता वाचून दाखवला तर एक आजी म्हणाल्या, "बाय, चोथा आम्ही कोंबड्यांना घालतो, पोरांना कशाला?" बाकीच्या बायकांचंही तेच मत पडलं. 'तंतुमय पदार्थ' म्हटलं तर कुणाला काही बोध होईना. गुरुवारी छापखान्यात द्यायचाय. काय लिहू?

जांभळीनाका
चोथाच ठेवा. फायबरमधलं सेल्युलोज फोडणारं विकर (एन्झाइम) माणसाकडे नाही, म्हणून ते न पचता पुढे सरकतं आणि पोट साफ ठेवतं. पिळून घेतल्यावर मागे राहतो तो चोथा, यापेक्षा नेमका शब्द कुठला? 'तंतुमय पदार्थ' मी पुस्तकाबाहेर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

वाशी_सेक्टर१७
मी आहारसल्ला देण्याचं काम करते, म्हणून लिहिते. मेथीदाणे रात्री भिजत घाला, सकाळी बोटाला बुळबुळीत लागतात. सब्जा फुगला की दाण्याभोवती काचेसारखं कवच येतं. हेही फायबरच, पाण्यात विरघळणारं. त्याने जेवणानंतर रक्तातली साखर सावकाश चढते, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचंही ते खाद्य आहे. त्यात तंतू दिसत नाहीत आणि चोथाही नाही, म्हणजे तुमचे दोन्ही शब्द अपुरे. त्यातही 'चोथा' म्हटलं की माणसं टाकूनच देतात. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका कणीक बारीक चाळणीने चाळतात आणि कोंडा केराच्या डब्यात जातो.

कोपरीगाव
मग कोंडाच म्हणा की. कोंड्याचा मांडा करणाऱ्या बाईचं आपल्याकडे कौतुकच होतं. चोथ्याचं तसं कौतुक ऐकलंय कुणी?

वाशी_सेक्टर१७
कोंडा धान्याचा. पालेभाजीला आणि पेरूला कोंडा कुठून आणायचा?

चेंदणी_कोळीवाडा
खारीगावच्या आजी बरोबर बोलल्या. आमच्याकडे नाचणीसत्त्व करतात ते सांगते. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, पाणी घालून वाटायची आणि मलमलच्या फडक्यातून परातीत गाळायची. तासाभराने खाली पांढरा साका बसतो. वरचं पाणी अलगद ओतून तो साका वाळवायचा, ते सत्त्व. फडक्यात तांबूस, खरखरीत उरतो तो चोथा. म्हणजे सत्त्व घ्यायचं आणि चोथा टाकायचा हे चुलीपाशी कधीच ठरलंय, तुमचा तक्ता त्याच्या उलट सांगतोय.

पण सत्त्वात मुख्यतः पिष्टच (स्टार्च) असतं. १०० ग्रॅम अख्ख्या नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं आणि त्यातलं बरंचसं सालीबरोबर त्या चोथ्यात जातं. तान्ह्या बाळाला गाळलेलं द्यावं लागतं, पळत्या पोराला मात्र नाचणीची भाकरीच हवी. माझ्या सासूबाईंचा ठाम विश्वास होता, नाचणीसत्त्व दिलं म्हणजे जीवनसत्त्व पोचलं. 'सत्त्व' शब्द एकच, त्यांचं काय चुकलं?

जांभळीनाका
'जीवनसत्त्व' शब्दाला बोल लावू नका, तो मूळ 'व्हिटॅमिन' शब्दापेक्षा सरस आहे. १९१२ साली कासिमिर फुंक यांनी जीवनासाठीचं लॅटिन 'व्हिटा' आणि 'अमाइन' (नायट्रोजन असलेल्या संयुगांचा एक गट) जोडून 'vitamine' हे नाव केलं. सगळीच अमाइन नसतात हे पुढे कळलं, म्हणून १९२० मध्ये शेवटचं 'e' अक्षर गाळावं लागलं. आपण अमाइनला हातच लावला नाही. आणि तक्त्यात 'त्त्व' लिहा, कृपया एका 'त'वर भागवू नका.

घोडबंदर_रोड
माझी विनंती, आधी 'क्षार' काढा. रसायनशास्त्रात आम्ल आणि आम्लारी (अल्कली) यांच्या संयोगातून बनतो तो क्षार. लोह आणि जस्त ही मूलद्रव्यं, म्हणून 'खनिजे' लिहा. शिवाय आमच्या सोसायटीत बोअरच्या पाण्याने नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, त्यालाच सगळे क्षार म्हणतात. आहारात क्षार हवेत म्हटलं तर ते पाणी मुलांना पाजायचं का?

कोपरीगाव
माझी आई डॉक्टरांचं ऐकून म्हणायची, 'अंगातले क्षार कमी झाले', आणि आम्हाला मीठ-साखर-पाणी द्यायची. हा अर्थ तर घराघरात पोचलाय.

घोडबंदर_रोड
तिथे सोडियम-पोटॅशियमचे क्षारच असतात, ते योग्य. लोहासाठी नको एवढंच म्हणणं आहे. 'कर्बोदके' मात्र ठेवा. कर्ब (कार्बन) अधिक उदक (पाणी). ग्लुकोजच्या सूत्रात ६ कर्ब आणि ६ पाण्याइतके हायड्रोजन-ऑक्सिजन, नावातच सूत्र आहे. 'पिष्टमय' म्हटलं की गूळ-साखर बाहेर राहते.

पाचपाखाडीकर
खनिजे केलं, 'त्त्व' तपासलं. १ ग्रॅम कर्बोदकांतून किंवा प्रथिनांतून ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थांतून ९, हेही घातलंय. पण फायबरचं काय? सरळ 'फायबर' लिहू का? बिस्किटाच्या पुड्यावर बायका तेच वाचतात.

जांभळीनाका
ताई, बिस्किटाच्या पुड्याकडून मराठी शिकायची वेळ आणू नका.

वाशी_सेक्टर१७
मुलांचं पोट साफ होण्याशी मतलब आहे. लिहा 'फायबर', आणि शेजारी साल, कोंडा, शेंगा यांची चित्रं काढा.

जांभळीनाका
चित्रं काढाच, पण खाली 'चोथा' लिहा. वापरला नाही तर शब्दाला मान कुठून मिळणार?

चेंदणी_कोळीवाडा
आमच्याकडे आता तो चोथा फेकत नाही. तांदळाचं पीठ, कांदा, मिरची घालून धिरडी करते. खरखरीत लागतात, पण मुलं खातात.

कोपरीगाव
चेंदणीताई, या पावसात सत्त्व वाळवता कसं? माझ्या साक्याला दुसऱ्याच दिवशी आंबूस वास आला.

चेंदणी_कोळीवाडा
साक्यावरचं पाणी दोनदा बदला, मग ताटात अगदी पातळ पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवा. जाड थर ठेवलात तर आंबणारच.