सरकारी पैशावरच्या प्रशिक्षण केंद्राला पात्र ठरवताना काय मोजायचं : भिंती की पोरं?

डिचोलीकर

माझ्या भाचीने म्हापशाजवळच्या एका केंद्रात प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून हाउसकीपिंगचा कोर्स केला. फुकट होता, टी-शर्ट मिळाला, घरचे खूश. सरावाला पलंग एकच. तोही तपासणी येणार म्हणून मालकाच्या घरून टेम्पोत घालून आणलेला, हे तिथल्या शिकवणाऱ्या मॅडमनीच मुलींना सांगितलं. हॉटेलात चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडतात, ते वीसजणींनी त्या एका पलंगावर पाळीपाळीने शिकायचं. तपासणीच्या आदल्या दिवशी तर पलंगाला हातच लावायचा नाही, चादर चुरगळते! तपासणी झाली, केंद्र पास झालं, आठवड्याभरात पलंग आपल्या घरी गेला. उरलेला कोर्स बाकावर चादर पसरून. भाची सध्या पर्वरीला कपड्यांच्या दुकानात आहे.

म्हणून जरा खोलात शिरलो. केंद्राला मान्यता मिळायची तर पोर्टलवर अर्ज, फोटो, आधी कागदांची छाननी, मग प्रत्यक्ष पाहणी. पीएमकेव्हीवायच्या, म्हणजे याच योजनेच्या, दुसऱ्या आवृत्तीपासून हे काम क्वालिटी कौन्सिल या दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या माणसांकडे होतं. खोली किती चौरस फूट, सीसीटीव्ही आहे का, आधारवर चालणारं हजेरीचं मशीन आहे का, सेक्टर स्किल कौन्सिलच्या (त्या त्या धंद्याचे कोर्स ठरवणाऱ्या मंडळाच्या) यादीतली सामग्री आहे का, शिकवणाऱ्याकडे प्रमाणपत्र आहे का. सगळं पाहण्यासारखंच, मी नाही म्हणत नाही. पण या केंद्रातून गेल्या वर्षी बाहेर पडलेली पोरं आज कुठे आहेत, हा प्रश्न दारात कोणी विचारत नाही.

तो प्रश्न केंद्राला सरकारकडून मिळणाऱ्या पैशात होता. ३० टक्के बॅच सुरू झाली की, ५० टक्के प्रमाणपत्र मिळालं की, शेवटचे २० टक्के नोकरी लागली की. ७० टक्के पोरं कामाला लागली तर हे २० पूर्ण, ५० ते ६९ मध्ये प्रमाणात, ५० च्या खाली शून्य. म्हणजे एकालाही काम न लावता केंद्राचे ८० टक्के सुटायचे. आणि चौथ्या आवृत्तीत तर नोकरीचा माग ठेवणंच सोडलं. उमेदवार आपली वाट आपण निवडेल म्हणे.

डिसेंबर २०२५ मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला. दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीतल्या ९५.९० लाख प्रशिक्षणार्थींपैकी ९०.६६ लाखांच्या नोंदीत बँक खात्याच्या रकान्यात शून्य, 'लागू नाही' किंवा नुसतं कोरं. म्हणजे ही पोरं खरी कोण, याचीच खात्री नाही. भिंती मोजून हे थांबलं नाही.

माझं मत : दार सोपं करा. पहिलं वर्ष तात्पुरती मान्यता द्या, आणि पुढची मान्यता फक्त निकालावर.

---

माजी केंद्रचालक, फोंडा

डिचोलीकर, तुमच्या भाचीचं वाईट वाटलं, पण 'दार सोपं करा' म्हणजे काय ते २०१५ साली पाहिलंय. योजनेचं पहिलं वर्ष, २४ लाखांचं लक्ष्य, पास होणाऱ्याला सरासरी आठ हजारांचं बक्षीस. दोन खोल्या आणि एक बॅनर असलेला माणूस 'ट्रेनिंग पार्टनर' झाला. भिंती मोजायला लागले ते त्यानंतर. चोराला चौरस फूट लागतात, निदान भाडं तरी भरावं लागतं.

आणि ते भाडं कोण भरतो? मी तीन वर्षं केंद्र चालवलं. मान्यतेसाठी जागा, सामान, मशीन सगळं आधी उभं करायचं. लक्ष्य, म्हणजे किती पोरं शिकवायची ती सरकारची मंजुरी, कधी मिळेल ते देवाला ठाऊक. एकदा सात महिने शिवणयंत्रं झाकून ठेवून भाडं भरलंय. माझ्या बॅचमध्ये काजूच्या कारखान्यात काम केलेल्या चार बायका होत्या. काजूच्या तेलाने बोटांची कातडी गेलेली, ठसाच उठेना. खोबरेल लाव, पुसून घे, अंगठा नाही तर करंगळी, रोज सकाळी अर्धा तास हाच कार्यक्रम. बाई समोर शिवायला बसलीय आणि मशीनच्या लेखी गैरहजर! हजेरी कमी, परीक्षेला बसता येत नाही, माझे ५० टक्के गेले.

निकालावर मान्यता म्हणता, तो निकाल असाच मशीनवर मोजणार ना?

---

फर्मागुडीचा फिटर

खासगी केंद्रांना पात्र कसं ठरवायचं ही चर्चाच मला चुकीची वाटते. गोव्यात दहा सरकारी आयटीआय आहेत. पेडण्यापासून काणकोणापर्यंत, पोरगा कदंबच्या बसमध्ये बसून जाऊन येईल इतक्या जवळ. इमारत आहे, लेथ आहे, निदेशक आहे. तीन महिन्यांत फिटर होत नाही, मी दोन वर्षं फाइल घासायला शिकवतो तेव्हा कुठे पोराच्या हाताला सपाटी कळते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्या आमच्या दारात येतात. तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राला तिथे कोण विचारतो? तो पैसा आयटीआयच्या संध्याकाळच्या पाळीला द्या.

---

सासष्टीची सून

फिटरबाब, एक विचारू? तुमच्या लेथबद्दल शंका नाही. पण मी पस्तिशीची, घरी दोन मुलं. दोन वर्षांच्या कोर्सला मी येऊ? आणि आयटीआयमधल्या अर्ध्या यंत्रांवर गेल्या चवथीपासून कापड आहे, ती धूळही मोजा कोणीतरी.

---

फर्मागुडीचा फिटर

कापड असतं ते धूळ बसू नये म्हणून असतं, मॅडम. निवृत्त झालेल्या निदेशकाची जागा भरली नाही तर यंत्र चालवणार कोण? बायकांसाठी छोटे कोर्स हवेत हे मान्य. ते आमच्याकडेच घ्या एवढंच म्हणतोय.

---

न्यू जर्सीतला साखळकर

मी इकडे एका कम्युनिटी कॉलेजात नोकरी करतो, म्हणून थोडं लिहितो. डिचोलीकर म्हणतात तशी पद्धत इथे कागदावर तरी आहे. २०१४ च्या वर्कफोर्स इनोव्हेशन अँड ऑपॉर्च्युनिटी कायद्याने प्रत्येक राज्याला पात्र प्रशिक्षण संस्थांची यादी ठेवावी लागते. मान्यता संस्थेला सरसकट नसते, एकेका कोर्सला असते. नव्या कोर्सला आधी एका वर्षापुरती, नंतर दर दोन वर्षांनी तरी फेरतपासणी. शिकून बाहेर पडल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत माणूस कामावर आहे का, दुसऱ्या तिमाहीत मिळकत किती, हे पाहतात. आणि फक्त सरकारी पैशावर शिकलेल्यांचं नाही, त्या कोर्सच्या सगळ्या विद्यार्थ्यांचं. नोंदणीकृत अप्रेंटिसशिपला मात्र यादीत यायला ही परीक्षा नाही, मागितलं की नाव चढतं.

मुख्य मुद्दा : नोकरीचा पुरावा संस्थेने आणायचा नसतो. मालक बेकारी विम्यासाठी दर तिमाहीला राज्याकडे पगाराची नोंद देतो, तीच ताडून पाहतात. आपल्याकडे पीएफची नोंद आहेच की. आधार दोन्हीकडे आहे, जोडून टाका.

फार गोडवे गात नाही. सगळ्या विद्यार्थ्यांची माहिती द्यायला संस्था कुरकुरतात, कित्येक राज्यांनी त्या अटीतून सूट मागून घेतली होती. आमच्याच कॉलेजात एक कोर्स 'एवढी उस्तवारी कोण करणार' म्हणून यादीतून काढलाय.

---

माजी केंद्रचालक, फोंडा

साखळकर, पीएफ? माझी निम्मी पोरं शॅकवर (किनाऱ्यावरच्या हंगामी हॉटेलात), होमस्टेत, नाहीतर केटररकडे. शिवणवाल्या बायका घरी ब्लाउज शिवतात. तुमच्या त्या पगाराच्या नोंदीत स्वतःचा धंदा करणारा दिसतो का? नाही ना? मग गोव्यात काय दिसणार? तुमच्या हिशोबाने माझं केंद्र नापास आणि सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीचं केंद्र पहिलं.

शिवाय ते शेवटचे २० टक्के मिळायला अट होती तीन महिने सलग कामाची. जानेवारीत बॅच संपली, मार्चमध्ये पोरगा शॅकवर लागला, मेअखेर शॅक उतरवली. कागद गोळा होईपर्यंत पोरगा घरी. ऑक्टोबरात तोच पोरगा त्याच शॅकवर परत जातो, पण तोवर आमची मुदत संपलेली असायची. दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्याला हंगाम कुठला माहीत?

---

डिचोलीकर

हंगामाचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, मान्य. तीन महिने सलग ऐवजी वर्षभरात मिळून सहा महिने काम, असं गोव्यापुरतं करता येईल. पण तेवढ्यावरून निकाल मोजायचाच नाही, हे मला पटत नाही. पीएफमध्ये न दिसणाऱ्यांना फोन करून विचारा, शंभरातल्या दहांच्या घरी जा. त्या पाहणीवाल्याला खोलीची लांबी मोजायला पाठवता, तोच माझ्या भाचीच्या घरी का जाऊ शकत नाही? चहासुद्धा मिळेल.

---

कळंगुटचा शॅकवाला

इतका वेळ गप्प वाचत होतो. मला पोरं लागतात. सप्टेंबरात लागतात, सहा-आठ जण, ट्रे धरता येणारे आणि गिऱ्हाइकाशी चार वाक्यं बोलता येणारे. आजवर एकाही केंद्राने मला 'तुला काय शिकवलेलं पोरगं हवं' म्हणून विचारलेलं नाही. केंद्राची माणसं माझ्याकडे येतात ती मे महिन्यात, मी खांब उपटत असताना. हातात टाइप केलेलं पत्र, बारा नावं, 'वरील उमेदवार आमच्याकडे कार्यरत आहेत', खाली सही-शिक्का द्या. बारांतली दोन मी ओळखत होतो, त्यातला एक चार दिवसांत पळालेला. आलेला माणूस म्हणाला, शिक्का नसला तरी चालेल, आम्ही करून आणलाय. खरंच आणला होता, माझ्या शॅकच्या नावाचा! स्पेलिंगही बरोबर.

दिली नाही सही. पण शेजाऱ्याने दिली, त्याला त्याबद्दल काही मिळालं असं नाही, नुसता भिडेखातर. आता हे तुम्ही भिंतीत मोजणार की निकालात?

---

सासष्टीची सून

शिक्का करून आणला?! देवा.

---

फर्मागुडीचा फिटर

म्हणून म्हणतो, आयटीआय.

---

माजी केंद्रचालक, फोंडा

शॅकवालेबाब, कुठलं केंद्र ते विचारत नाही. शिक्का मी कधी केला नाही. पण सही मागायला मीही गेलोय, कांदोळीला, जूनच्या पहिल्या पावसात. माझ्या पत्रावर सहा नावं होती. चार पोरं त्याच्याकडे खरंच होती, पगार रोख, कागद काही नाही. उरलेली दोन दुसरीकडे होती, तिथला मालक हंगाम संपवून गावी गेलेला. एकाच पत्रावर घातली. त्याने न वाचता सही केली आणि मला छत्री दिली.