जप्त शस्त्रांची ‘विल्हेवाट’ म्हणजे नेमके काय?

मूळ प्रश्न

दहावीच्या वर्गात बातमीलेखन शिकवताना मी ‘न्यायालयाच्या आदेशानुसार जप्त शस्त्रांची विल्हेवाट लावण्यात आली’ हे वाक्य नमुना म्हणून फळ्यावर लिहिले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, ‘म्हणजे बंदुका तोडल्या, विकल्या की परत दिल्या?’ मला उत्तर देता आले नाही. त्याच सुमारास आमच्या शेजारचे काका निवडणुकीपूर्वी निघालेली सूचना घेऊन आले. परवानाधारकांनी आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावीत, असे तीत म्हटले होते आणि आजोबांच्या वेळेपासून घरात असलेली ठासणीची बंदूक आता सरकारजमा होणार, या समजुतीने ते अस्वस्थ झाले होते. विल्हेवाट, जप्त, जमा आणि सरकारजमा या शब्दांच्या सीमा कोठे आहेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मी नागपूरचा आहे, त्यामुळे आपल्याकडील उदाहरणे मिळाली तर वर्गात सांगणे सोपे जाईल.

पहिला प्रतिसाद

नागपुरातच न्यायालयीन कागदपत्रांच्या भाषांतराचे काम बरीच वर्षे केल्यामुळे या चारही शब्दांशी माझी झटापट झालेली आहे. काकांना आधी धीर द्यावा. ‘जमा करणे’ म्हणजे पावती घेऊन ठेवायला देणे; मालकी काकांचीच राहते आणि निवडणूक पार पडली की बंदूक परत मिळते. ‘सरकारजमा’ मात्र एकदा झाले की मालकीच सरकारकडे जाते. शिक्षा झालेल्या खटल्यातील शस्त्र न्यायालय सरकारजमा करू शकते, हे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये आहे. परवाना संपल्यामुळे किंवा रद्द झाल्यामुळे ठेवायला दिलेले शस्त्र ठरलेल्या मुदतीत कोणी परत नेले नाही किंवा त्याची काही व्यवस्था केली नाही, तर तेही जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने सरकारजमा होते. ती तरतूद कलम २१ मध्ये आहे. ‘जप्त’ या दोहोंच्या मधला शब्द आहे. मूळ अरबी शब्दात धरून ठेवण्याचा भाव आहे आणि पोलिसांनी शस्त्र जप्त केले म्हणजे एवढेच झाले की ते मुद्देमाल म्हणून मालखान्यात धरून ठेवले आहे. आरोपी निर्दोष सुटला आणि परवाना वैध असला, तर तेच शस्त्र परत मिळू शकते. कायद्याच्या मराठीत या छटांसाठी अभिग्रहण (जप्त करणे), अधिहरण (कलम ३२ सारखे न्यायालयाने सरकारजमा करणे) आणि समपहरण (कलम २१ सारखे हक्क गमावून सरकारजमा होणे) असे तीन शब्द योजलेले आहेत, परंतु ते वाचून वकीलसुद्धा क्षणभर थबकतात, हा माझा अनुभव आहे.

आता विल्हेवाट. यातील ‘विल्हे’ आपण विसरलो आहोत, पण तो एका जागी अजून जिवंत आहे. जुन्या पुस्तकांच्या शेवटी ‘अकारविल्हे सूची’ असे, म्हणजे अकारादी क्रमाने लावलेली यादी. विल्हेस लावणे म्हणजे ज्याच्या त्याच्या जागी नीट लावणे, मार्गी लावणे. त्या अर्थाने विल्हेवाट ही मुळात व्यवस्था आहे, विध्वंस नव्हे. शब्दाचा सूर बदलला तो दोन कारणांनी, असे मला वाटते. एक म्हणजे ‘वाट लावणे’ हा बोलीतला प्रयोग पूर्णपणे नासाडीकडे झुकला आणि त्याची सावली विल्हेवाटीवर पडली. दुसरे म्हणजे वृत्तपत्रांत हा शब्द मृतदेहाची विल्हेवाट आणि भांडेवाडीच्या कचऱ्याची विल्हेवाट एवढ्याच संदर्भांत सतत येत राहिला. ‘वासलात’ची गतही हीच झाली, तोही मूळचा वसुलाच्या हिशेबातला शब्द आहे.

कायदा मात्र जुनाच अर्थ धरून चालतो. कलम २१ प्रमाणे शस्त्र ठेवायला देणारा माणूस ते ठेवण्यास पात्र असलेल्या दुसऱ्या व्यक्तीला विकू शकतो, आणि ही विक्रीही विल्हेवाटच ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये न्यायालयाने मुद्देमालाचे विवरण चौदा दिवसांत तयार करावे, छायाचित्रे घ्यावीत आणि त्यानंतर तीस दिवसांत त्याची विल्हेवाट, नाश, अधिहरण किंवा ताबा यांविषयी आदेश द्यावा, असे सांगितले आहे. ‘नाश’ तेथे वेगळा लिहावा लागला, याचाच अर्थ विल्हेवाटीत तो गृहीत धरलेला नाही. आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न बिनतोड आहे. त्या वाक्यातून बंदुकांचे काय झाले, हे खरोखरच कळत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन मान्य आहे, पण आजचा वाचक अकारविल्हे सूची पाहून विल्हेवाट शब्द वाचत नाही. रूढार्थ नाशाकडे गेला असेल, तर लेखकाने तो शब्द टाळून प्रत्यक्ष क्रिया लिहावी. त्यातही ‘निकामी करणे’ आणि ‘नष्ट करणे’ यांची गल्लत होते. नळी बुजवली किंवा घोडा काढून टाकला, तर बंदूक निकामी होते, तरी बंदूक म्हणून ओळखू येते; वितळवली म्हणजे ती नष्ट होते. दारूगोळ्याचे तसे नाही. तो निकामी करणे आणि नष्ट करणे बहुधा एकाच स्फोटात घडते आणि म्हणूनच ते काम जीवघेणे असते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात सहा जण दगावले. अशा बातमीत ‘विल्हेवाट’ हा शब्द कागदी कामासारखा वाटतो आणि घडलेल्या गोष्टीचे वजन त्याला पेलत नाही.

‘जाळली’ हे क्रियापदही जपूनच वापरावे. मालीतील टिंबक्टू येथे २७ मार्च १९९६ रोजी बंडखोरांनी दिलेली सुमारे तीन हजार शस्त्रे जाहीरपणे जाळण्यात आली. लाकडी दस्ते जळाले. लोखंड उरले, आणि ते तेथे उभारलेल्या स्मारकात बसवले गेले. त्या लोखंडाला काय म्हणावे? मी तरी ‘निकामी’ म्हणेन.

मूळ प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न

आपणा दोघांचेही आभार. एक उपप्रश्न राहतो. शासनाकडे किंवा व्यक्तीकडे गरजेपेक्षा अधिक असलेल्या शस्त्रांना काय म्हणावे? ‘अतिरिक्त’ म्हटले की आम्हां शिक्षकांच्या पोटात गोळा येतो. आणि ‘बायबॅक’ला, म्हणजे सरकारने लोकांकडील शस्त्रे पैसे देऊन घेण्याला, पुनर्खरेदी म्हणणे योग्य आहे का?

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

अतिरिक्त हाच शब्द योग्य आहे, पोटात गोळा आला तरी. ‘शिलकी’ अंदाजपत्रकाला शोभतो आणि ‘फाजील’ला निंदेची छटा आहे. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि तिसरे शस्त्र एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवणे बंधनकारक झाले. त्या तिसऱ्या शस्त्रात दोष काहीच नव्हता, केवळ मर्यादा बदलली; ‘अतिरिक्त’ शब्दात हे बरोबर येते. कार्यालयातल्या टेबलखुर्च्यांसाठी आपण ‘निर्लेखन’ वापरतो, परंतु ते नोंदवहीतून नाव कमी करणे झाले. वस्तू त्यानंतर कोठे गेली, हे त्या शब्दात नाही, म्हणून शस्त्रांच्या बाबतीत केवळ ‘निर्लेखित’ लिहून थांबणे मला धोक्याचे वाटते.

पुनर्खरेदी हा शब्द मात्र मला पटत नाही. १९९६ च्या पोर्ट आर्थर येथील हत्याकांडानंतर ऑस्ट्रेलियाच्या सरकारने मोबदला देऊन सुमारे साडेसहा लाख बंदुका लोकांकडून घेतल्या आणि नष्ट केल्या. त्या बंदुका सरकारने लोकांना मुळात विकलेल्याच नव्हत्या, मग ‘पुनः’ कशाचे? ही चूक मूळ इंग्रजी शब्दातच आहे आणि ती आपण उचलून आणण्याचे कारण नाही. ‘मोबदला देऊन शस्त्रस्वीकार’ हे लांब आहे, पण खरे आहे.

मूळ प्रश्नकर्ता

फळ्यावरचे वाक्य आज वर्गाने मिळून बदलले : ‘न्यायालयाच्या आदेशानुसार सरकारजमा झालेली शस्त्रे पंचांसमक्ष वितळवून नष्ट करण्यात आली.’ काकांनी बंदूक ठाण्यात ठेवली आणि पावतीवर ‘जमा’ एवढेच लिहिले आहे, हे मला दाखवण्यासाठी ते संध्याकाळी घरी येऊन गेले.