द्राक्षाच्या रीफरवर (थंड कंटेनरवर) काम आहे, आता मलेशियाला म्हशीचं गोठवलेलं मांस पाठवायचंय

ओझर_रीफर:
नमस्कार मंडळी. नाशिकहून न्हावा शेवामार्गे द्राक्षं पाठवण्याचं काम आहे. एप्रिल संपला की माणसं आणि गाड्या मोकळ्या. मलेशियाच्या एका आयातदाराने बिनहाडाच्या मांसाचे दोन कंटेनर मागितलेत. मेलमध्ये त्याने नुसतं 'बीफ' लिहिलंय, बोलताना मात्र म्हशीचं म्हणतो. आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) आहे, अपेडाची (कृषी निर्यातीची सरकारी संस्था) आरसीएमसी, म्हणजे निर्यातदार नोंदणी, फळांसाठी घेतलेली आहे. कायद्यात काय बसतं? स्वतःचा कत्तलखाना नसताना जमेल का? आणि रीफर भरताना द्राक्षांपेक्षा वेगळं काय करायचं?

निर्यात_कागद:
आधी तो शब्द बदलून घ्या. गाय, बैल, वासरू यांच्या मांसाची निर्यात देशभर बंद आहे. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने होतीच, ४ मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. परवानगी आहे ती म्हशीच्या बिनहाडाच्या मांसाला. गोठवलेल्या मालाचा सीमाशुल्क कोड ०२०२३०००, आणि हा कोड गोवंशाला व म्हशीला एकच आहे, म्हणून वर्णनाला फार महत्त्व. प्रोफॉर्मा (कच्चं बिल), एलसी (बँकेचं हमीपत्र), बिल ऑफ लेडिंग (जहाजाची मालपावती), लेबल, सगळीकडे 'फ्रोजन बोनलेस बफेलो मीट' हेच शब्द हवेत. एलसीवर 'बीफ' आणि बिलावर 'बफेलो' आलं की बँक कागद परत करते. प्रत्येक लॉटचा डीएनए तपासणीचा रिपोर्ट फाईलला ठेवा. वाटेत कोणी शंका काढली तर तोच उपयोगी पडतो.

स्वतःचा कत्तलखाना लागत नाही, मर्चंट एक्स्पोर्टर म्हणून, म्हणजे दुसऱ्याचा माल घेऊन, करता येतं. पण माल अपेडाकडे नोंदलेल्या मांस प्लांटमधलाच हवा, आणि तेवढ्यानेही भागत नाही. मलेशियाचा पशुवैद्यकीय विभाग डीव्हीएस आणि हलालसाठी जाकिम हे दोघे प्लांट स्वतः तपासून मंजूर करतात. त्यांच्या यादीत नसलेल्या प्लांटचा माल कितीही चांगला असो, मलेशियाच्या पोर्ट क्लांग बंदरात उतरणार नाही. म्हणून दर ठरवण्याआधी आयातदाराला एकच विचारा: कोणत्या प्लांट नंबरचा माल हवा? आयात परमिट तो माकिसकडून (मलेशियाचं क्वारंटाईन व तपासणी खातं) काढतो. त्यावरचा प्लांट, कार्टनवरचा नंबर आणि आपल्या सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र, तिन्हीकडे अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. कत्तलीची तारीख एका ठिकाणी चुकली तरी कंटेनर अडकतो आणि प्लगचं (बंदरात रीफरला वीज देण्याचं) भाडं दिवसागणिक चढतं.

आरसीएमसीत मांस हे उत्पादन वाढवून घ्या, हे काम लगेच होतं.

गुरांचा_डॉक्टर:
बिनहाडाचंच का, हे समजून घ्या म्हणजे प्लांटमध्ये काय बघायचं ते कळेल. आपल्याकडे लाळ्या-खुरकत आहे. जनावर कापल्यावर स्नायूत लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि त्या आंबटपणात विषाणू मरतो. हाडाच्या मगजात आणि लसिका गाठींत मात्र हे आम्ल तयार होत नाही. म्हणून जागतिक नियम असा: धड २ अंशांच्या वर किमान २४ तास ठेवायचं, पाठीच्या लांब स्नायूच्या मध्यभागी पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) मोजायचा, तो ६.० च्या खाली आला तरच पुढे हाडं व मुख्य गाठी काढायच्या.

पीएच उतरत नाही तेव्हा दोष बहुधा जनावर आणण्यात असतो. लांबून ट्रकमध्ये दाटीने आणलेली, तहानलेली, घाबरलेली म्हैस स्नायूतली साखर आधीच संपवून बसते, मग आम्ल कशाचं बनणार? असं मांस काळपट, चिकट दिसतं आणि लवकर खराब होतं. प्लांटची पीएचची वही मागा. प्रत्येक धडाची नोंद असेल, आणि ६.० च्या वर गेलेली धडं वेगळी काढलेली दिसत असतील, तर विश्वास ठेवा. सगळीकडे ५.८ च लिहिलेलं असेल तर दुसरा प्लांट शोधा.

द्वारका_ट्रेलर:
आता रीफर. द्राक्षांची सवय इथे नडते. द्राक्षं श्वास घेतात, म्हणून आपण व्हेंट (बाहेरच्या हवेची झडप) थोडं उघडतो आणि हवा पेट्यांच्या भोकांतून वर जाऊ देतो. गोठवलेला माल श्वास घेत नाही. थंड हवेने त्याला फक्त चारी बाजूंनी वेढायचं असतं. म्हणून व्हेंट पूर्ण बंद, सेटिंग उणे १८, कार्टन एकमेकांना घट्ट चिकटून, मधे फट नाही. माल रचायची हद्द दाखवणारी वरची लाल रेघ ओलांडायची नाही, दाराकडे टी-फ्लोअरच्या (हवा खेळवणाऱ्या खाचांच्या तळाच्या) पुढे माल काढायचा नाही.

रीफर माल गोठवत नाही, गोठलेला माल तसाच ठेवतो. कार्टनला ड्रिलने भोक पाडून गाभ्याचं तापमान बघा. उणे १८ नसेल तर भरूच नका. उणे १२ चा माल चढवला की तो उणे १८ वर यायला फार वेळ लागतो, बर्फाचे स्फटिक मोठे होतात, स्नायूचे धागे फाटतात, आणि तिकडे वितळवल्यावर लाल पाणी सुटतं. वजन घटल्याचा क्लेम येतो तो इथून.

वजनाचं गणित: ४० फुटी हाय-क्यूबमध्ये २० किलोची १,४०० कार्टन, निव्वळ २८ टन. पुठ्ठा-प्लास्टिक धरून पाऊण टनाच्या आसपास वाढतं, वर रिकाम्या रीफरचे साडेचार टनांहून जास्त. व्हीजीएम (कंटेनरचं प्रमाणित एकूण वजन) खऱ्या काट्यावरचंच द्या. पावसाळ्यात उघड्या धक्क्यावर रिकामा कंटेनर आधी थंड करू नका. दार उघडताच दमट हवा आत शिरून थंड करणाऱ्या कॉइलवर बर्फ धरते.

ओझर_रीफर:
खूप उपयोग झाला. दोन गोष्टी राहिल्या. इथलं आमचं कोल्ड स्टोरेज मधल्या साठ्याला वापरू का? आणि पहिला कंटेनर फेब्रुवारीत काढावा का?

निर्यात_कागद:
कोल्ड स्टोरेज नाही, दादा. ते शून्याच्या आसपासचं, आणि माल मंजूर जागेबाहेर ठेवला की आरोग्य प्रमाणपत्राची साखळीच तुटते. गाडी थेट प्लांटला लावा, सील तिथेच मारून घ्या, नंबर प्रमाणपत्रावर चढवून घ्या.

द्वारका_ट्रेलर:
फेब्रुवारी-मार्च टाळा. तेव्हा जिल्ह्यातले रीफर आणि जेनसेट (वाटेत वीज देणारे जनित्र) द्राक्षात गुंतलेले असतात, हे तुम्हाला सांगायला नको. जूनमध्ये एकच कंटेनर काढा. आत दोन डेटा लॉगर (तापमान नोंदवणारी यंत्रं), एक दाराशी आणि एक मधोमध. त्याचा आलेख हातात आल्याशिवाय दुसरा भरू नका.