लॅपटॉप घरीच खोलून रॅम, एसएसडी टाकली का कोणी? अनुभव टाका

राम राम मंडळी. मी उमरखेड तालुक्यातला, गावात ऑनलाइन फॉर्म भरून देतो. लॅपटॉप 2018 चा, 4 जीबी रॅम अन् 1 टीबीची जुनी हार्डडिस्क. सकाळी बटन दाबून अंगणात दात घासून येतो तरी ते गोल गोल फिरूनच राह्यलं असते. पीक विम्याची शेवटची तारीख आली की ओट्यावर वीस माणसं बसलेली अन् ब्राउझर हँग, मंग शिव्या मले. तालुक्यातला दुकानदार म्हणते ठेवून जा, आठ दिवसानं या. आठ दिवस काय करू बाप्पा? म्हणून आता स्वतःच खोलून रॅम वाढवतो अन् हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हंजे चिपवाली वेगवान डिस्क, टाकतो. ज्यायनं केलं त्यायनं सांगा, अन् बिघडवलं असंन तर ते आधी सांगा.

आर्वीवरून
भाऊ, माझी चूक करू नको. मी पह्यले रॅम घेतली, 4 ची 8 केली, लय खूश, अन् लॅपटॉप चालू व्हायले तेवढाच वेळ! टास्क मॅनेजर (कोणता भाग किती राबून राह्यला ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून पाह्यलं तं डिस्क 100 टक्क्यावर टेकलेली. जुन्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाले 5400 वेळा फिरते अन् तिचा काटा इकून तिकून डाटा शोधत पळते, त्यात वेळ जाते. एसएसडीत फिरणारं काहीच नसते. मंग जुन्या हार्डडिस्कच्याच जागी बसणारी अडीच इंची साटा एसएसडी टाकली, विंडोज नवीन टाकलं, आता चहा कपात ओतेपर्यंत डेस्कटॉप हजर. पैसे एकाच गोष्टीपुरते असले तं आधी एसएसडी घे. रॅमचे भाव 2025 च्या शेवटी जे चढले ते पाहून तं हेच म्हणीन. अन् विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 लेच संपला, तं खोलतच आहे तं तुझा प्रोसेसर 11 ले चालते का तेही पाहून घे.

मूर्तिजापूरवरून
माझा किस्सा आयका. जुना लॅपटॉप, डीडीआर3 पिढीची रॅम लागते एवढंच माहीत. नागपूरले लग्नाले गेलो होतो, सीताबर्डीवरून सेकंडहँड 4 जीबी रॅमची काडी घेऊन आलो. घरी लावली, खटकन बसली, अन् स्क्रीन काळी ती काळीच. रात्रभर झोप नाई, वाटलं मदरबोर्ड गेला. मंग कळलं की याले डीडीआर3एल पाहिजे, 1.35 व्होल्टवाली, अन् मी आणली साधी 1.5 ची. दोघीची खाच एकाच जागी असते म्हणून बसते, पण चालंनच असं नाई. जुनी काडी लावली तं लॅपटॉप जिवंत. डीडीआर4 ची खाचच वेगळी, ते बसतच नाई, जोर लावू नका. आपल्याच काडीच्या स्टिकरचा फोटो काढून दुकानात न्यायचा, तोंडानं सांगायचंच नाई.

वणीवरून
मी जिनिंगच्या काट्यावर हिशोब लिहिते. आमच्याकडे हंगामात हवेतच रुई असते. एसएसडी टाकायला मागचं झाकण काढलं आणि आधी ओळखूच येईना काय आहे, पंख्याच्या जाळीला आतून करड्या रंगाचा नमदा बसलेला, चिमटीत धरून ओढला तर बोटभर लांब पट्टी अख्खी निघाली. तीन वर्षं मे महिन्यात लॅपटॉप तापतो म्हणून मी उन्हाला दोष देत होते!

बाकीचं सांगते. एक स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो, मला माहीत नव्हतं, मी जुन्या एटीएम कार्डानं झाकण उचकत राहिले आणि एक क्लिप मोडली. स्क्रू सगळे सारखे नसतात, लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वर कीबोर्डला टोचतो. मी कॅलेंडरच्या पानामागे लॅपटॉपचं चित्र काढून एकेक स्क्रू त्याच्या जागी सेलोटेपनं चिकटवला. आणि झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढा, मग पॉवरचं बटन पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. स्वेटर घालून बसू नका, हिवाळ्यात आपल्याकडे हवा कोरडी, ठिणगी बसते. लोखंडी कपाटाला हात लावून घ्यायचा.

तुमसरवरून
आमच्या लॅपटॉपात रॅमची जागाच नाही जी. सगळी बोर्डावरच चिकटवलेली. हे कळलं कधी, तर 8 जीबीची काडी मागवून झाल्यावर. कपाटात आहे, कोणाला पाहिजे?

चिमूरवरून
स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, दोन वर्षांच्या नोट्स लॅपटॉपातच. एसएसडी भरली म्हणून मोठी टाकली, जुनी बाहेरच्या डबीत (केसमध्ये) घालून यूएसबीनं जोडली तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, 48 आकडी की (किल्ली) मागते. मी कधी बिटलॉकर चालूच केलं नव्हतं, नवीन लॅपटॉपात ते आपोआप लागलेलं असू शकते. ती किल्ली होती मायक्रोसॉफ्ट खात्यात, अन् खातं काढून दिलेलं आतेभावानं, त्याच्या जुन्या नंबरवर. तीन दिवस मामला लटकला, शेवटी त्याच्या आईच्या फोनमध्ये ते सिम निघालं. खोलायच्या आधी ही किल्ली वहीत लिहून घ्या.

मेहकरवरून
लग्नाच्या शूटिंगचा धंदा. ऑनलाइन 2 टीबीची बाहेरची एसएसडी आठशे रुपयाले दिसली, घेतली. दाखवते पण 2 टीबी! एका लग्नाचे व्हिडिओ टाकले, हळदीपर्यंत चालू, मंगलाष्टकापासून फायली उघडंनाच. फोडून पाह्यली तं आत गोंदानं चिकटवलेलं मेमरी कार्ड. नशीब, कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं नव्हतं.

उमरखेडवाला, परत
सगळ्यायले धन्यवाद. काल खोलला. 4 जीबी बोर्डावरच आहे पण बाजूले एक जागा रिकामी, डीडीआर4. कॅलेंडरची युक्ती केली, फक्त पान चालू महिन्याचं निघालं म्हणून आई बोलली. एसएसडी अन् 8 ची काडी मागवली. कुरिअरवाला गावात येत नाई, तालुक्याले पडलं आहे. आता बाजाराच्या दिवशी आई जाईन तं घेऊन येईन, तिले सांगून ठेवलं की भाजीच्या पिशवीत टाकू नको.